पाठीवरचा इतिहास

इतिहासाच्या पुस्तकात सैन्य नेहमी ‘कूच’ करतं. या शब्दात अशी काही जादू आहे, की फौज पहिल्या ओळीत अहमदनगरला असते आणि दुसऱ्या ओळीत औरंगाबादेला! मधे कुणाच्या टाचेला फोड आला, कुणाचा पट्टा काखेत काचला, याचा पत्ताच नाही. आमच्या मास्तरांनी लढायांची कारणं विचारली, परिणाम विचारले, सनावळ्या तर झोपेतून उठवून विचारल्या. पण शिपायाच्या पाठीवर वजन किती होतं, हे काही कधी विचारलं नाही.

वास्तविक उत्तर सोपं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजी पायदळातला सोल्जर साधारण ६० पौंड, म्हणजे २७ किलो, अंगावर वागवायचा. त्यात एकटी बंदूकच १० पौंडांची. तिला संगीन. पेटीत ६० काडतुसं. त्यांतलं नुसतं शिसंच चार पौंडांच्या आसपास. मग कांबळं, पाण्याचा बुधला, तीन दिवसांचा शिधा, जादा सदरा, जादा बूट आणि (इथं साहेबाची खरी शिस्त दिसते!) पट्टे पांढरे करायची माती नि ब्रश. मेलास तरी चालेल, पट्टा मळका नको!

आमचं कुटुंब बीडहून परळीला दोन दिवसांसाठी निघालं तरी एस.टी.चा कंडक्टर आधी सामानाकडं नि मग माझ्याकडं कीव आल्यासारखं बघतो. त्या मानानं सोल्जर सुखी. त्याच्या पाठपिशवीत लोणच्याची बरणी नव्हती.

आपल्या देशी शिपायाची तऱ्हा काही निराळी नव्हती. १८१२ साली कंपनीच्या पलटणीत भरती झालेल्या सीताराम पांडे नावाच्या शिपायाच्या आठवणी प्रसिद्ध आहेत. लाल डगला काखेत आवळतो, टोपीनं डोकं दुखतं, बंदुकीनं खांदा भरून येतो, अशी त्याची रास्त कुरकुर. काडतुसांचा पट्टा आणि पाठपिशवी हे हमालाचं ओझं आहे, असंही तो स्वच्छ सांगतो. पगार महिना सात रुपये. त्यातूनही कपड्यालत्त्यापायी काही कापून जायचे.

असलीच फौज घेऊन १८०३ साली वेलस्ली आपल्या भागात उतरला. गोदावरीच्या उत्तर काठानं तो पूर्वेकडं सरकत होता. अलीकडच्या काठाला आपला बीड जिल्हा. २३ सप्टेंबरला त्याचे शिपाई वीसेक मैल चालून असईला पोचले आणि तशाच पायांनी शिंद्यांच्या तोफांवर गेले. पुस्तकात एवढंच येतं, की वेलस्ली जिंकला. पाय कुणाचे, हा प्रश्न परीक्षेत येत नाही.

बरं, ओझं एकट्या शिपायाचंच नव्हे. फौजेमागं लढणाऱ्यांपेक्षा वाहणारेच जास्त असत. साहेबाचा तंबू, पलंग, दारूच्या बाटल्या, सगळं दुसऱ्यांच्या पाठीवर. धान्य आणायचं ते बंजाऱ्यांच्या बैलांनी. निजामाच्या काळात आमच्या अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत. तिथं घोडदळाची छावणी होती. म्हणजे त्यांचा भार घोड्यावर. थोडक्यात, जितका हुद्दा मोठा तितकी पाठ हलकी!

पुढं रेल्वे आली आणि बंजाऱ्यांचा बैलांवरचा व्यापार बसला. त्या तांड्यांतल्या कितीतरी घरांवर ऊसतोडीला जायची पाळी आली. आता दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून निरनिराळ्या जातीजमातींची हजारो माणसं साखर कारखान्यांकडं ‘कूच’ करतात. भांडीकुंडी, पेटी, तान्ही पोरं, सगळं बरोबर. तिथं ऊस तोडायचा, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायचं. मोळी तीस-चाळीस किलोची. सोल्जरचे २७ किलो आठवतात ना? आणि ही मोळी घेऊन चढणारी पुष्कळदा बाई असते.

फौजेत माणसं हत्यारावरून मोजायची रीत होती: पाचशे संगिनी, तीनशे तलवारी. मुकादमही उचल देताना तसंच मोजतो: दहा कोयते, वीस कोयते. फरक एवढाच, की एका संगिनीमागं माणूस एक असे. एका कोयत्यात दोन असतात, नवरा आणि बायको.