ओल्या काचेचा प्रवास

आशियाची जुनी छायाचित्रे पाहताना आम्हाला प्रश्न पडे : माणसे इतकी ताठ का? उत्तराचा मोठा भाग रसायनशास्त्रात सापडला.

१८६६ साली स्कॉटिश छायाचित्रकार जॉन थॉमसन कंबोडियातील अंकोरवाटला पोहोचला, तेव्हा फिल्म नव्हतीच. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची आणि ओली असतानाच चित्र घेऊन डेव्हलप करायची. वाळली की काम बिघडले! म्हणून अंधारा तंबू, काचा, रसायने सारे सोबत न्यावे लागे. प्रकाशही कित्येकदा काही सेकंद पडू द्यावा लागे. देवळे स्पष्ट येत. हललेला माणूस पुसट होई.

पुढे कोरड्या काचा आल्या, १८८९ मध्ये ईस्टमनची सेल्युलॉइड फिल्म आली आणि ओझे उतरले.

जुने चित्र वर्गात दाखवताना आपण जरूर विचारू या : यात काय येऊच शकले नाही?