विशाखेची साक्ष

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा ग्रंथ १८८२ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्या वर्षी सुरत येथे विजयालक्ष्मी नावाच्या विधवेस अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा सुनावण्यात आली होती. पुढे ती सौम्य करण्यात आली. या निमित्ताने वृत्तपत्रांतून समस्त स्त्रीजातीच्या नीतीवर टीका झाली. सत्यशोधक घरात वाढलेल्या ताराबाईंनी स्त्रीच्या माथी मारलेले दोष पुरुषांच्या ठायीच कसे आहेत, हे परखडपणे दाखवून दिले. कामाच्या ठिकाणी छळ झालेल्या स्त्रीलाच “तू एकटी का थांबलीस?” असे विचारणारा समाज आजही त्या उत्तरास पात्र आहे.

हा प्रश्न बुद्धकाळातही उपस्थित झाला होता. उत्पलवर्णा थेरीवर अंधवनात बलात्कार झाला, तेव्हा संमती नसणाऱ्या स्त्रीकडे कोणताही दोष जात नाही, असा निर्णय भगवंतांनी दिला. भिक्षूने वासनेने स्त्रीला स्पर्श करणे किंवा तिच्याशी अश्लील बोलणे हा संघादिसेस अपराध ठरविण्यात आला. असा अपराध जितके दिवस लपविला तितके दिवस परिवास, त्यानंतर सहा रात्रींचे मानत्त आणि वीस भिक्षूंच्या संघापुढे पुनःप्रवेश, असा त्याचा दंडक होता. म्हणजे लपविण्याचीही किंमत मोजावी लागे.

‘अनियत’ नियमाची कथा अधिक बोलकी आहे. श्रावस्तीत उदायी भिक्षू एका तरुणीसमवेत एकांतात बसलेला विशाखा मिगारमातेने पाहिला. तिने त्याला सावध केले. त्याने दुर्लक्ष केले. तिने ही गोष्ट भिक्षूंना सांगितली. तेव्हा भगवंतांनी भिक्षूची कबुली आणि विश्वसनीय उपासिकेचे कथन विचारात घेऊन निर्णय करावा, असा नियम घातला. चीवरधारी व्यक्तीविरुद्ध गृहस्थ स्त्रीच्या शब्दाला येथे स्थान मिळाले.

राजस्थानात १९९२ साली बालविवाह रोखू पाहणाऱ्या साथिन भंवरीदेवींवर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून ‘विशाखा’ व इतर संस्थांनी याचिका केली आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक कार्यस्थळी तक्रार समिती असावी, असे बंधन घातले. नावाच्या साम्यावरून दोन विशाखांचा संबंध जोडण्याचे कारण नाही; प्रश्न मात्र एकच आहे. ही तत्त्वे नीट अमलात येत नाहीत, हे मेधा कोतवाल-लेले यांच्या खटल्यात न्यायालयाने २०१२ मध्ये नमूद केले. २०१३ साली कायदा झाला.

या कायद्यानुसार दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी. त्याहून लहान ठिकाणी, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर, जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तिच्यात अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग किंवा अल्पसंख्याक समाजातील किमान एक स्त्री असावी लागते. तक्रार साधारणतः तीन महिन्यांत करावयाची असते आणि चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण करावयाची असते. घरकाम करणारी मोलकरीण व वीटभट्टीवरील मजूर स्त्रीही या संरक्षणात येते. तालुक्याला तक्रार स्वीकारणारा समन्वय अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. त्याने ती सात दिवसांत समितीकडे पाठवावयाची असते.

परंतु मजुरी गमावण्याचे भय असलेली स्त्री एकटी तालुक्याला जाणार नाही. तिच्यासोबत जाणारा कोणी हवा. विहारातील महिला मंडळांनी समितीचे नाव-पत्ते फलकावर लावावेत, तक्रार लिहून द्यावी आणि आरोपी आपल्या समाजाचा असला तरी मौन धरू नये. विशाखेनेही उदायी आपल्या श्रद्धेच्या संघातला आहे म्हणून मौन धरले नव्हते.