कुलूप करणाऱ्याच्या मुलाचा भागाकार

प्रत्येक वायरमनच्या तोंडी ज्याचे नाव असते तो जॉर्ज ओहम १७८९ साली जर्मनीत एर्लांगेन येथे, कुलुपे करणाऱ्या कारागिराच्या घरी जन्मला. बाप स्वतःच्या हिमतीने गणित शिकला होता. तेच त्याने मुलांना दिले.

कोलोनला मास्तरकी करताना ओहमने निरनिराळ्या लांबीच्या तारांतून वीज सोडून मापे घेतली. त्या वेळच्या घटांचा जोर टिकत नसे. म्हणून त्याने तांबे व बिस्मथ यांचे सांधे केले, एक उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला, तेव्हा दाब स्थिर झाला. दाबाला प्रवाहाने भागले की तारेचा रोध निघतो, हे सार त्याने १८२७ च्या ग्रंथात मांडले. विद्वानांनी उपेक्षा केली. त्याने नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीचे पदक मिळाले ते १८४१ साली!

त्याच सुमारास जूलने दाखविले की, तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २३० व्होल्टवर २ अँपिअर घेणारी शेगडी पाहा: रोध ११५ ओहम, २ चा वर्ग गुणिले ११५, म्हणजे ४६० वॉट. २३० गुणिले २ केले तरी तेच.

कामगाराला याचे काय? एका कारखान्यात ओल्या फरशीवर आमचा एक गडी गेला. "धक्का किरकोळ होता," असे साहेब म्हणाले. ओल्या अंगाचा रोध हजार ओहमपर्यंत उतरू शकतो. २३० भागिले १०००. जवळजवळ पाव अँपिअर. माणूस मरायला तेवढा पुरे. हा भागाकार मी त्यांच्यासमोर कागदावर मांडला. त्यानंतर 'किरकोळ' हा शब्द कोणी उच्चारला नाही.