थीसिअसचं जहाज आणि क्रीटमधली एक द्राक्षबाग

मंडळी, इतिहासाच्या व्याख्यानमालेत तत्त्वज्ञानाच्या मास्तरला बोलावलं, ही संयोजकांची उदारता. आम्हीही मग इतिहासाकडे आमच्याच दारानं शिरतो.

वर्गात आम्ही तीसेक वर्षं एक उदाहरण देत आलो. थीसिअस क्रीट बेटावरून ज्या जहाजातून परतला, ते जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवलं. फळी कुजली की काढायची, नवी बसवायची. प्लुटार्कनं लिहिलंय की यावरून तत्त्वज्ञांमध्ये वाद लागला : हे जहाज तेच, की दुसरं? पोरं दोन तास रंगून भांडायची आणि तिसऱ्या तासाला कुणीतरी विचारायचं, "सर, पण उत्तर काय?" आम्ही म्हणायचो, पेपरात दोन्ही बाजू लिहा.

दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता सुट्टीला क्रीटमध्ये होतो. क्रीट म्हणजे थीसिअस जिथून निघाला तेच बेट, बरं का. इराक्लिओ शहराच्या दक्षिणेला आर्खानेस आणि पेझा या गावांच्या बाजूला टेकड्या आहेत, सगळ्या द्राक्षांच्या आणि ऑलिव्हच्या. तिथल्या एका घरगुती वायनरीत आम्ही चव घ्यायला गेलो. घरगुती म्हणजे अगदी घरगुती. चाळिशीतला मुलगा ओतणार, त्याची आई आतून वाळका पाव, टोमॅटो, चीज आणून ठेवणार. टेबलावर पाच पेले आणि भिंतीवर इंग्रजीत पाटी : '४००० वर्षांची परंपरा'.

पाटी वाचून आम्ही हसलो नाही, कारण सकाळीच वाथिपेत्रो पाहून आलो होतो. आर्खानेसजवळच इसवी सनापूर्वीच्या सोळाव्या शतकातला, मिनोअन काळातला एक वाडा आहे. स्पिरिडॉन मारिनातोस यांनी १९४९ मध्ये तिथलं उत्खनन सुरू केलं. त्यात द्राक्षं तुडवायचं मातीचं मोठं भांडं सापडलं. त्याला चोच आहे आणि चोचीखाली रस धरायला दुसरं भांडं. कुणी सांगायची गरज नाही, बघताक्षणी कळतं की इथे माणूस उभा राहून पाय चालवत होता. तेव्हा या भूमीत वाईन फार जुनी, हे खरंच. पण आमची खोड जात नाही. आम्ही विचारलं, "चार हजार वर्षं, ठीक. पण परंपरा कुणाची?"

मुलगा हसला, म्हणाला, "पाटी माझ्या मेहुण्यानं केली. पर्यटकांना आवडते. खरं ऐकायचं असेल तर पेला संपवा."

मधला इतिहास थोडक्यात सांगतो. व्हेनिसनं तेराव्या शतकात हे बेट घेतलं आणि इथली गोड वाईन मालवाझिया या नावानं पार इंग्लंडपर्यंत पोचवली. १६६९ मध्ये, एकवीस वर्षांच्या वेढ्यानंतर, बेटाची राजधानी ऑटोमन तुर्कांच्या हाती पडली. तो मोठा व्यापार ओसरला. खेड्यांतून लोक आपल्यापुरती वाईन करत राहिले. पुढे १९१३ मध्ये क्रीट ग्रीसमध्ये सामील झालं. इथवर पाटीला धक्का नाही.

धक्का आहे १९२३ चा. त्याच्या आदल्या वर्षी ग्रीस तुर्कस्तानात युद्ध हरला, स्मर्ना शहर जळलं आणि तिथले ग्रीक जीव घेऊन पळाले. मग लोझानमध्ये दोन्ही देशांनी करार केला : तुमच्याकडची आमची माणसं आम्हाला द्या, आमच्याकडची तुमची तुम्ही घ्या. आता 'आमची' कुठली आणि 'तुमची' कुठली, हे ठरवलं कशावर? भाषेवर नाही, धर्मावर. सुमारे १२ लाख ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले, साडेतीन-चार लाख मुसलमान तुर्कस्तानात गेले. त्यांत क्रीटचे मुसलमान होते. त्यांची घरची भाषा ग्रीक. पिढ्यान्‌पिढ्या याच बेटावर राहिलेली माणसं, पण करारानं त्यांना तुर्क ठरवून बोटीत बसवलं. फाळणी ऐकत वाढलेल्या आमच्या पिढीला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. फरक एवढाच की इथे हे सगळं सह्या करून, सक्तीनं, दोन सरकारांच्या संमतीनं झालं.

मुलाची पणजी स्मर्नाकडून आलेली. तिला या टेकडीवर जमीन मिळाली. जमीन कुणाची होती? निघून गेलेल्या मुसलमान कुटुंबाची. आणि तिनं तिथे लावलं काय, तर वाईनची द्राक्षं नव्हेत, बेदाण्याची. स्मर्नाच्या बाजूचे लोक सुलतानिना द्राक्षात तरबेज. त्यांच्या येण्यानं क्रीटमध्ये ते पीक फोफावलं. म्हणजे चार हजार वर्षांच्या परंपरेच्या या बागेत निदान पन्नास वर्षं वाईन नव्हतीच. बेदाणा होता!

मुलगा बेदाण्याची कृती सांगू लागला. पोटॅशचं पाणी करायचं, त्यात ऑलिव्हचं तेल फेटायचं, घड बुडवून काढायचे. त्यानं सालीवरचा मेणासारखा थर सैल होतो आणि द्राक्षं लवकर वाळतात. आमच्या सौ. एवढा वेळ चीजकडे लक्ष देऊन बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "अहो, हे तर आपलं डिपिंग!" त्यांचं माहेर तासगाव तालुक्यातलं. तिथे बेदाणा करताना पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात घड बुडवतात, ते त्यांनी लहानपणापासून नसलं तरी भावाच्या शेडवर पुष्कळ पाहिलेलं. आणि द्राक्ष तरी कुठलं? आपण ज्याला थॉम्पसन सीडलेस म्हणतो ते म्हणजेच सुलतानिना. थॉम्पसन हा कॅलिफोर्नियातला एक बागाईतदार. त्याच्या नावानं ते जगभर फिरलं. आपलं तास-ए-गणेश त्याच्यातूनच निवडलेलं.

मग आम्ही बाजूला पडलो आणि त्या दोघांचं बोलणं सुरू झालं. आमच्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही, वर्षातून दोनदा छाटावा लागतो, हे ऐकून मुलगा थक्क झाला. त्यानं आईला ग्रीकमध्ये सांगितलं. ती म्हणाली, बिचारा वेल.

पुढे १९७० च्या दशकात क्रीटमध्ये फायलोक्सेरा आली. मुळं खाणारी ही बारीक कीड फ्रान्समध्ये शंभर वर्षं आधी पोचली होती; समुद्रानं क्रीटला तेवढी सवलत दिली. त्यावर उपाय एकच : खाली अमेरिकेतल्या रानवेलाचा खुंट, वर आपलं कलम. या कुटुंबाची बाग गेली ती तेव्हाच. बेदाण्याचा भावही पडलेला. आजोबांनी अमेरिकी खुंटावर क्रीटची जुनी वाणं भरली, कोत्सिफाली आणि मांदिलारी, आणि घर वाईनकडे वळलं. तासगावकडेही आता डॉगरिजच्या खुंटावर कलम करतात, तोही अमेरिकेचाच. तिथे कारण वेगळं, क्षार आणि पाण्याची टंचाई.

थीसिअसच्या जहाजाच्या निदान फळ्या एकेक करून बदलल्या होत्या. इथे मूळ अमेरिकेचं, माणसं स्मर्नाची, जमीन तिसऱ्याची, मधली पन्नास वर्षं बेदाण्याची. जुनं काय, तर वरचं कलम आणि टेकडी. आणि भिंतीवर ४०००.

वाईन चांगली होती, हे सांगायचं राहिलं. कोत्सिफालीचा रंग फिका, मांदिलारीचा गडद आणि चव तुरट. दोन्ही एकत्र केल्यावर जमतं. ग्रीक भाषेत वाईनला आज 'क्रासी' म्हणतात. तो शब्दच मिसळण्यावरून आला आहे, कारण प्राचीन ग्रीक वाईनमध्ये पाणी घालून पीत. निव्वळ पिणारा तो रानटी. आम्ही पाणी मागितलं, तेव्हा मुलगा म्हणाला, "प्रोफेसर, प्लेटोला सांगू नका, पण आम्ही सगळे रानटी झालोय."

निघताना आम्ही विचारलं, ते मुसलमान कुटुंब कुठे गेलं? उत्तर आईनं दिलं, मुलानं भाषांतर केलं. काही वर्षांपूर्वी आयवालिकहून एक म्हातारे गृहस्थ आले होते. तुर्कस्तानातल्या त्या गावात क्रीटचे पुष्कळ लोक जाऊन वसले. ग्रीक बोलत होते, तेही जुनं क्रीटचं. हिच्या आजीच्या तोंडीही नव्हतं असं. त्यांनी बाग पाहिली नाही, वाईन घेतली नाही. विहीर कुठे आहे, एवढंच विचारलं. विहीर बुजवलेली आहे, तिच्यावर आता शेडची फरशी आहे. त्यांना ती जागा दाखवली. ते तिथे थोडा वेळ उभे राहिले, आणि मग त्यांनी प्यायला पाणी मागितलं.

"दिलं?" सौ.नी विचारलं.

"नळाचं," आई म्हणाली.