दोनदा हरवलेले हरीण

माझा एक जुना विद्यार्थी मस्कतला नोकरीला आहे. भूगोलाच्या तासाला हटकून जांभया देणारा हा मुलगा, पण दिवाळीला न चुकता आठवण ठेवतो. गेल्या दिवाळीत त्याने एक छायाचित्र पाठवले. मागे नजर पोचेल तिथवर सपाट, खडी पसरल्यासारखे वाळवंट. पुढे कुंपणाआड उभे असलेले एक पांढरेशुभ्र जनावर. पाय काळपट, तोंडावर काळे पट्टे आणि डोक्यावर दीड दीड हाताची, जवळजवळ सरळ अशी दोन शिंगे. खाली लिहिले होते, "गुरुजी, हे ओळखा पाहू!"

मला ओळखता आले नाही. विद्यार्थ्याने मास्तरची परीक्षा घ्यावी आणि मास्तर नापास व्हावा, यासारखी नामुष्की नाही. तेव्हा पुस्तके धुंडाळली, आणि हाती लागली ती एका हरणाच्या वनवासाची हकीकत. फराळ करता करता ऐकावी अशी ती आहे. शेवट गोड की कडू, हे मात्र वाचकांनीच ठरवावे.

आधी थोडा भूगोल. ओमान देशाचा विस्तार सुमारे ३ लाख ९ हजार चौरस किलोमीटर. आपला महाराष्ट्र ३ लाख ७ हजारांचा. जणू जुळे भाऊच! पण २०११ च्या शिरगणतीत आपल्याकडे ११ कोटींवर माणसे भरली, आणि ओमानात आजही ती ५० लाखांच्या आसपासच आहेत. त्यांतलीही पुष्कळशी माझ्या विद्यार्थ्यासारखी पोटासाठी बाहेरून गेलेली. देशाच्या मधोमध एक विस्तीर्ण माळ आहे. त्याचे नाव जिद्दत अल-हरासीस, म्हणजे हरासीस जमातीचा माळ. त्या नावात आपली 'जिद्द' ऐकू येते हा निव्वळ योगायोग. पण तिथे राहायचे तर ती हवीच. नदी नाही, ओढा नाही, झरा नाही. हरासीस लोक पिढ्यान्‌पिढ्या उंट-शेळ्यांच्या दुधावर तिथे जगत आले.

छायाचित्रातले जनावर ते अरबी ओरिक्स. अरबीत त्याला 'महा' म्हणतात. आपल्याकडे सुंदर स्त्रीला मृगनयनी म्हणण्याची रीत आहे. अरबी कवींनी तशीच उपमा महाच्या डोळ्यांची दिली. बाजूने पाहिले तर त्याची दोन शिंगे एकावर एक येऊन एकच दिसते. एकशिंगी घोड्याची जुनी दंतकथा यातूनच निघाली असावी, असे काही जण मानतात. याची राहणी मात्र दंतकथेहून नवलाची आहे. अरबी समुद्रावरून धुके येते, रात्री झाडापाल्यावर दव पडते, आणि त्या ओल्या पाल्यावर हे जनावर महिनोन्‌महिने पाण्याचा घोट न घेता राहते. उन्हाच्या वेळी बाभळीच्या सावलीत खुराने खळगा करून बसते, आणि दूर कुठे पाऊस पडला की तिकडची वाट धरते.

उंटावरून माग काढणाऱ्या शिकाऱ्यापुढे हे जनावर टिकाव धरून होते. मोटारगाड्या आणि नव्या बंदुका आल्या, आणि सपाट माळच त्याचा वैरी झाला. दडायला ना झाडी, ना डोंगर. अंत ओळखून १९६२ साली लंडनच्या एका प्राणिरक्षक संस्थेने केनियातील वन्यप्राणी अधिकारी मेजर इयान ग्रिमवुड यांना ओमानच्या सीमेलगतच्या, आज येमेनमध्ये असलेल्या वाळवंटात धाडले. मोठ्या खटपटीने चार ओरिक्स सापडले; त्यांतला एक दगावला. उरले तीन. त्यांत लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने एक, कुवेतने एक आणि सौदी अरेबियाच्या राजाने चार दिले. या नऊ जनावरांचा कळप अमेरिकेतील फिनिक्स शहरी ठेवला, कारण तिथली हवा अशीच उष्ण व कोरडी. आपल्याकडे बियाणे राखून ठेवतात ना, तशातलाच हा प्रकार!

आणि बियाणे राखले म्हणून बरे झाले. १९७२ च्या ऑक्टोबरात बाहेरून आलेल्या एका मोटारस्वार टोळीने जिद्दतवरचा शेवटचा कळपही संपवला. रानातला ओरिक्स पृथ्वीवरून नाहीसा झाला.

दोन वर्षांपूर्वीच, १९७० साली, ओमानच्या गादीवर सुलतान काबूस आले होते. महाला पुन्हा घरी आणायचे त्यांनी मनावर घेतले. १९८० साली अमेरिकेतून पहिले ओरिक्स जिद्दतवरील यालूनी येथे उतरले. मार्क स्टॅन्ली प्राइस या प्राणिशास्त्रज्ञाने त्यांना दोन वर्षे कुंपणात ठेवून तिथल्या हवेची आणि एकमेकांची सवय लावली. राखणदार नेमले ते हरासीस जमातीतलेच. खुरांच्या ठशांवरून माग काढणे हे त्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालेले. ३१ जानेवारी १९८२ रोजी कुंपणाचे दार उघडले आणि दहा ओरिक्स मोकळ्या माळावर गेले. दहा वर्षांचा वनवास संपला.

येथे गोष्ट थांबली असती तर फराळ अधिक गोड लागला असता. कळप वाढला. १९९४ साली युनेस्कोने त्या राखीव रानाला जागतिक वारशाचा मान दिला, आणि १९९६ पर्यंत ओरिक्स साडेचारशेच्या घरात गेले. त्याच वर्षी चोर आले. या वेळी मारायला नव्हे, पकडायला! परदेशातल्या श्रीमंतांच्या खासगी बागांसाठी जिवंत ओरिक्सला, त्यातही मादीला, मोठे मोल येऊ लागले होते. गाडीने पाठलाग करून जनावर दमवायचे, बांधायचे आणि सीमेपार न्यायचे. वाटेत किती मेली त्याची गणती कोण ठेवणार? माद्या गेल्या आणि मागे बहुतेक नरच उरले. शेवटी उरलेल्यांपैकी काही पकडून पुन्हा कुंपणात घ्यावी लागली. २००७ साली मोजले तेव्हा पासष्ट भरले. सरकारने तेल आणि वायूच्या शोधासाठी राखीव रान नव्वद टक्के कापले, आणि युनेस्कोने त्याचे नाव यादीतून काढून टाकले. असा मान गमावणारे जगातले ते पहिले स्थळ.

दोष कुणाला द्यावा? चोरांना तर द्यावाच. पण हरासीस लोकांत राहून अभ्यास केलेल्या डॉन चॅटी या विदुषींनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली आहे. राखीव रानाची रेघ कागदावर ओढताना तिथे गुरे चारणाऱ्यांना फारसे कुणी विचारले नव्हते. काही हरासीसांना राखणदारीचा पगार मिळाला. शेजारच्या जमातीच्या वाट्याला काय आले? ज्याच्या ओटीत काही पडत नाही, त्याने राखण का करावी? विलायतेहून आलेल्या मंडळींना जनावराच्या सवयी पाठ होत्या. माणसांच्या सवयींकडे लक्ष द्यायचे राहून गेले.

हे वाचताना मला आमचा सोलापूरचा माळ आठवला. १९७९ साली नान्नजच्या माळढोकासाठी सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे आली, शेते आली, आणि जमिनीचा साधा व्यवहारही अडू लागला. कुरकुर वाढली. पुढे अभयारण्य कापून बरेच लहान केले. पण तोवर माळढोक बोटांवर मोजण्याइतके उरले होते. माझ्या वडिलांनी पाहिलेला पक्षी मी वर्गात चित्रातून शिकवतो. तेव्हा ओमानला नावे ठेवण्याचा अधिकार मला तरी नाही.

तरी गोष्ट अगदीच कडू नाही. त्या नऊ जनावरांच्या आणि इतर ठिकाणी जपलेल्या कळपांच्या वंशातून ओरिक्स सौदी अरेबियात आणि शेजारच्या देशांत पुन्हा रानात सोडले गेले. २०११ साली, रानातून नामशेष झालेला हा प्राणी धोक्याच्या यादीत 'असुरक्षित' या पायरीपर्यंत वर आला. अशी मजल मारणारा तो पहिलाच. ओमानातही कुंपणाआड शेकडो वाढले आहेत आणि त्यांना पुन्हा माळावर सोडण्याचे काम सुरू झाले आहे.

हे सारे मी वर्गात सांगितले. नकाशा फळ्यावर टांगला, छायाचित्र फिरवले. मागच्या बाकावर एक मुलगा जांभई देत होता, म्हणून त्यालाच उभे केले. तो म्हणाला, "गुरुजी, कुंपण काढलं तर चोर परत येतील. मग काढायचं कधी?"

मी क्षणभर गप्प राहिलो. मग म्हटले, "शेजाऱ्यालाच त्या जनावराची काळजी वाटू लागेल ना, तेव्हा."

मस्कतच्या पत्राला यंदा हेच उत्तर धाडले आहे.