बेरजेतला उजेड

आमची कुलदेवता कार्ल्याची एकवीरा. दर्शन झालं की बाबा शेजारच्या चैत्यगृहात खांब बघत उभे राहतात. आयुष्यभर गवंडीकाम केलेला माणूस. यंदा त्यांनी विचारलं, "यावर काय लिहिलंय रे?"

"दान देणाऱ्यांची नावं. सुमारे 2000 वर्षांपूर्वीची. धेनुकाकटचे यवन, वैजयंतीचा भूतपाल शेठ. सामी नावाचा एक सुतारही आहे."

"आणि डोंगर फोडणारे?"

मी गप्प बसलो. पण तेव्हा मी खगोलशास्त्राच्या इतिहासातलं एक प्रकरण वाचत होतो, ते आठवलं.

दूरच्या दीर्घिकांमध्ये तारे धुळीच्या ढगांत जन्मतात. धूळ त्यांचा प्रकाश गिळते, तापते आणि तीच ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर टाकते. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यातले बरेचसे हवेतली वाफ अडवते. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने 100 सेंटिमीटरची दुर्बीण बलूनला बांधून हैदराबादहून वर पाठवली. तिने आपल्याच आकाशगंगेतल्या ताऱ्यांच्या जन्मजागा पाहिल्या. सगळ्या दीर्घिकांच्या अवरक्त उजेडाची बेरीज करायला मात्र उपग्रह लागला.

नासाचा 'कोबी' 18 नोव्हेंबर 1989 रोजी उडाला. उपकरणं थंड ठेवणारा द्रवरूप हेलियम दहा महिन्यांत संपला, पण हिशेब अनेक वर्षं चालला. आधी सूर्यमालेतल्या धुळीची चमक वजा करायची, मग आपल्या आकाशगंगेची. ही वजाबाकी चुकली तर बाकीही खोटी. 1996 मध्ये फ्रान्समधल्या प्युजे यांच्या गटाला उरलेल्या उजेडाची पहिली खूण मिळाली. 1998 मध्ये हाऊजर आणि सहकाऱ्यांनी तो 140 आणि 240 मायक्रॉनला मोजला. ताऱ्यांच्या आजवरच्या प्रकाशापैकी साधारण निम्मा धुळीने गिळून अवरक्तात बदलला होता. एकेकटी न दिसणारी दीर्घिकाही त्या बेरजेत होती. पुढे 2009 मध्ये गेलेल्या हर्शेल दुर्बिणीने त्यातल्या बऱ्याच दीर्घिका वेगवेगळ्या दाखवल्या.

पायऱ्या उतरताना हे सगळं बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे आधी एकूण मजुरी कळली, मग हजेरीपट सापडला."

"हो. पण कार्ल्याचा हजेरीपट आता नाही सापडणार, बाबा."

"नसू दे," ते म्हणाले. "काम तर मोजता येतंय ना?"