कल्याणचीं डीझेल एंजिनें : एक अलक्षित प्रकरण

ठाणें व कल्याण हीं स्थानें इतिहासाभ्यासकांस बंदरें व किल्ले ह्यांमुळें परिचित आहेत. परंतु गेल्या सुमारें पावणेदोनशे वर्षांत ह्या प्रदेशाचें रूप ज्या एका गोष्टीनें पालटलें, ती म्हणजे लोहमार्ग. आणि त्या लोहमार्गाच्या इतिहासांतील एक प्रकरण आपल्या डोळ्यांदेखत संपत आलें असतां त्याकडे अभ्यासकांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. प्रवासी गाड्या ओढणाऱ्या जुन्या डीझेल एंजिनांचें तें प्रकरण होय. त्याचें संक्षिप्त विवेचन येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम कालक्रम पाहूं. इ. स. १८५३ च्या १६ एप्रिल रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली प्रवासी गाडी आली. १८५४ च्या १ मे रोजीं मार्ग कल्याणपर्यंत खुला झाला. पुढें सत्तर वर्षें ह्या मार्गावर वाफेचें एकछत्री राज्य होतें. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबई-कुर्ला मार्गावर विजेची पहिली गाडी धावली, आणि १९३० पर्यंत विजेची तार कल्याणावरून एका बाजूस पुण्यास व दुसऱ्या बाजूस इगतपुरीस जाऊन भिडली. १ जून १९३० रोजीं सुरू झालेली ‘डेक्कन क्वीन’ आरंभीं कल्याण-पुणें अशीच धावत असे. सारांश, हिंदुस्थानांत विजेची आगगाडी जेथें प्रथम रुजली, त्या प्रदेशांत कल्याणची गणना होते.

येथें साहजिकच प्रश्न उत्पन्न होतो कीं, जेथें वीज इतक्या लवकर आली, तेथें डीझेलचें एंजिन एकविसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत कां टिकून राहिलें? रेल्वेची उदासीनता किंवा द्रव्याचा अभाव हें उत्तर सोपें आहे, पण पुरेसें नाहीं. आमच्या मतें ह्याचें मुख्य कारण विजेच्या त्या आरंभींच्या स्वरूपांतच दडलेलें आहे.

मुंबईच्या तारेंतील वीज १,५०० व्होल्टची व एकदिश प्रवाहाची होती. १९५७ नंतर भारतीय रेल्वेनें सर्व देशासाठीं २५,००० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह पत्करला. त्यामुळें मुंबई, कल्याण, पुणें व इगतपुरी ह्यांमधील मार्ग जणूं स्वतंत्र संस्थान होऊन बसला. येथील साधें विद्युत् एंजिन सीमेपलीकडे निरुपयोगी, आणि पलीकडचें येथें निरुपयोगी. इगतपुरीस गाड्यांचीं एंजिनें बदलावीं लागत. दोन्ही प्रवाहांवर चालणारीं एंजिनें पुढें निर्माण झालीं. तथापि जेथें तारच नव्हती तेथें त्यांचाही उपयोग नव्हता.

डीझेल एंजिनास ही अडचण नव्हती. त्याच्या पोटांतील यंत्र जनित्र फिरवितें, जनित्राची वीज चाकांजवळच्या मोटरींस मिळते आणि गाडी चालते. म्हणजे वस्तुतः तें विजेचेंच एंजिन; फरक इतकाच कीं तें आपली वीज स्वतः उत्पन्न करितें. तार एकदिश असो, प्रत्यावर्ती असो वा मुळींच नसो, त्यास सर्व मार्ग सारखेच.

ह्या गुणाची खरी कसोटी कोंकणच्या मार्गावर लागली. २६ जानेवारी १९९८ रोजीं कोंकण रेल्वे आद्यंत खुली झाली, पण तिजवर तार नव्हती. मुंबईहून निघणाऱ्या ‘कोंकणकन्या’, ‘मांडवी’ इत्यादि गाड्या ठाण्यावरून दिव्यापर्यंत विजेच्या तारेखालूनच, परंतु डीझेलच्या बळावर जात, व दिव्यास वळून पनवेलच्या दिशेनें कोंकणांत उतरत. हीं एंजिनें पुष्कळदां कल्याणच्या शेडमधील असत. दिव्याहून सुटणाऱ्या सावंतवाडी व रोह्याच्या साध्या गाड्यांचीही हीच स्थिति होती. दिवा, डोंबिवली व कल्याण येथें नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या कोंकणी कुटुंबांस गणपतीस गांवीं पोंचविणारें वाहन तें हेंच.

आतां ह्या एंजिनांच्या वयाविषयीं. त्यांचा मूळ पुरुष ‘डब्ल्यूडीएम-२’ हा १९६२ सालीं अमेरिकेंतील ‘अल्को’ कंपनीकडून आला. सोळा सिलिंडर व २,६०० अश्वशक्ति हीं त्याचीं लक्षणें. १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यांत हींच एंजिनें तयार होऊं लागलीं. विशेष हें कीं मूळ कंपनी १९६९ सालीं बंद पडली, पण तिचें यंत्र येथें त्यानंतर अर्धशतक नांदलें. एंजिनाचें विहित आयुष्य ३६ वर्षांचें. त्याच्या मध्यावर, म्हणजे अठराव्या वर्षाच्या सुमारास, पतियाळाच्या कारखान्यांत त्याची पुनर्बांधणी होऊन शक्ति ३,१०० अश्वशक्तीपर्यंत वाढविली जाई. ‘डब्ल्यूडीएम-३ए’ व ३,३०० अश्वशक्तीचें ‘डब्ल्यूडीएम-३डी’ हीं त्याच कुळांतलीं. तेव्हां ‘जुनें एंजिन’ हा शब्द जपूनच वापरला पाहिजे. सांगाडा जुना, पण अंतर्भाग अनेकदां नवा, असाच बहुधा प्रकार असे. वय फारच झालें म्हणजे तें मेल गाड्यांवरून साध्या गाड्यांवर आणि तेथून डबे हलविण्याच्या कामावर उतरे.

परंतु ज्या कारणांनीं हें एंजिन टिकलें तीं एकामागून एक नाहींशीं झालीं. २०१५ सालीं मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर ठाणें-मुंबई भागांतील एकदिश प्रवाह संपून सर्वत्र २५,००० व्होल्ट झाले. २० जून २०२२ रोजीं कोंकण रेल्वेचें विद्युतीकरण राष्ट्रास अर्पण झालें. फेब्रुवारी २०२३ मध्यें मध्य रेल्वेचे सर्व रुंद मार्ग तारेखालीं आले. वाराणसीस तर कांहीं जुन्या डीझेल एंजिनांचें विद्युत् एंजिनांत रूपांतर करण्याचाही प्रयोग झाला. धूर, गोंगाट व इंधनाचा खर्च पाहतां हा पालट इष्टच होता, ह्यांत संशय नाहीं.

ह्यावरून निष्पन्न होतें तें असें : डीझेल हा वाफ व वीज ह्यांमधला केवळ एक टप्पा नव्हता. विजेचें राज्य दोन प्रवाहांत विभागलेलें व अपुरें असतांना त्याचे तुकडे सांधण्याचें काम त्यानें केलें. कोणतीही नवी विद्या देशांत एकदम पसरत नाहीं. तिच्या मधल्या रिकाम्या जागा जुनें साधनच भरून काढतें, आणि जागा भरल्या कीं तें विस्मृत होतें.

वाफेच्या एंजिनांस संग्रहालयांत मानाची जागा मिळाली. डीझेलच्या वांट्यास बहुधा भंगाराचा लिलावच येतो. एंजिनाबरोबर त्याच्या दुरुस्तीच्या वह्या, शेडमधील नोंदी व चालकांच्या आठवणी हींही नष्ट होतील. शिलालेख व ताम्रपट ह्यांइतकींच हीं साधनेंही आपल्या प्रदेशाच्या इतिहासाचीं आहेत. कल्याण व ठाणें येथील अभ्यासकांनीं, तीं जाणणारे कामगार हयात आहेत तोंच, त्यांचा संग्रह आरंभावा, अशी आमची विनंति आहे.